अपक्व आहार : जमा किती, खर्च किती?

'आरोग्य हीच खरी संपत्ती' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले असते. बँकेत नोकरी करणाऱ्यांना इतरांच्या संपत्तीचा पै-पैचा हिशेब ठेवण्याची सवय असते. परंतु या खऱ्या संपत्तीचे खाते मात्र आपण वर्षानुवर्षे उघडूनही पाहत नाही. मग एखाद्या दिवशी आरोग्य तपासणीचा अहवाल हाती पडतो आणि घाबरून आपण समोर दिसेल त्या उपायामागे धावू लागतो. माझ्या बाबतीत नेमके असेच घडले. आज काही सुशिक्षित कुटुंबांमध्ये 'केवळ कच्चे खा आणि निरोगी राहा' हा विचार उत्साहाने स्वीकारला जात आहे. तो किती खरा आहे, याचा शोध मला स्वतःच्या अनुभवातून घ्यावा लागला. तो अनुभव आणि त्यानंतर केलेले वाचन वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी बदली हैदराबादला झाली. पती आणि मुलगा नाशिकलाच राहिले. बँकेच्या सदनिकेत मी एकटी. सकाळी नऊला घर सोडायचे, रात्री आठला परतायचे, आणि एकटीसाठी कुकर लावण्याचा कंटाळा करून बाहेरचा डबा मागवायचा, असा क्रम सुरू झाला. वर्षभरात वजन आठ किलोंनी वाढले. उपाशीपोटीची साखर ११२ आली. 'मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात', असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्याच सुमारास एका आहार शिबिराला जाण्याचा योग आला. अग्नीचा स्पर्श झाला की अन्न मृत होते, मृत अन्नाने मृतवत शरीर घडते, असे तेथील वक्त्यांचे प्रतिपादन होते. मला ते पटले. खरे सांगायचे तर पटण्याहून अधिक ते सोयीचे वाटले. भांडी नाहीत, गॅस नाही, फोडणी नाही. फळे धुवायची, काकडी चिरायची, भिजवलेले दाणे वाटीत घ्यायचे, की जेवण तयार.

मार्च महिन्यात मी सुरुवात केली. पोळी, भात, शिजवलेली भाजी, दूध, दही सारे बंद. जुलैपर्यंत वजन नऊ किलोंनी उतरले आणि साखर ९६ वर आली. शाखेतील सहकारी कौतुक करू लागले, ग्राहक विचारू लागले. मी उत्साहाने दिवसभराच्या आहाराचा एक तक्ता टंकलिखित केला आणि त्याच्या छायाप्रती मागेल त्याला देऊ लागले. हैदराबादच्या काचीगुडा भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील एक निवृत्तिवेतनधारक आजी दर महिन्याला शाखेत येत आणि माझ्याशी मराठीत बोलून जात. त्यांनीही एक प्रत पर्समध्ये घडी करून ठेवली.

सप्टेंबरनंतर चित्र पालटले. जिना चढताना धाप लागू लागली. केस मूठ-मूठ गळू लागले. वातानुकूलित कक्षात इतरांना बरे वाटे, तेव्हा मला हुडहुडी भरे. हाताच्या बोटांना मुंग्या येत. दिवसअखेरचा हिशेब जुळवताना एकच आकडा मी तीन तीनदा वाचत असे. मासिक चक्र सलग दोन वेळा चुकले. अखेर तपासणी झाली. रक्तातील हिमोग्लोबिन ९.६ निघाले आणि ब-१२ जीवनसत्त्व किमान मर्यादेच्या बरेच खाली. 'साखर कमी केलीत हे उत्तम. पण त्यासाठी भांडवलालाच हात घातलात', असे डॉक्टर हसत म्हणाले. मला हसू आले नाही.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी सुरू झाली. काचीगुड्याच्या आजी आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला. आई नुकतीच रुग्णालयातून घरी आली आहे, शाखेपर्यंत येऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. दाखल्यासाठी मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरातील फ्रिजच्या दारावर मी दिलेला तक्ता चिकटवलेला होता. आजींना अनेक वर्षांचा मधुमेह आणि त्यामुळे मूत्रपिंडे थोडी दुर्बल झालेली. ही गोष्ट मी कधी विचारली नव्हती आणि त्यांनी सांगितली नव्हती. रोज हिरव्या पानांचा रस, शहाळ्याचे पाणी आणि भरपूर फळे घेतल्याने त्यांच्या रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले होते. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. त्या वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या, एवढेच. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, कागद तुमचा होता, पण तोंड माझंच होतं ना!" त्यांनी मला मोकळे केले, पण मी स्वतःला केले नाही. एखाद्या ज्येष्ठ ग्राहकाला ठेव योजना सुचवताना आपण त्याचे वय, गरज, जोखीम पेलण्याची क्षमता पाहतो. आहाराचा सल्ला देताना मी यांपैकी काहीच पाहिले नव्हते.

विचार जुना, नावे नवी

शिजवलेले अन्न पूर्णतः वर्ज्य करून फळे, भाज्या, कडधान्यांचे मोड, सुकामेवा आणि बिया यांवरच राहणे म्हणजे अपक्व आहार. या पंथाचे काही अनुयायी साधारणतः ४० ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेले अन्न चालते, असे मानतात. ही कल्पना आजची नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिकचे डॉक्टर मॅक्स बिर्चर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णांना कच्ची फळे व भाज्या देण्याचा आग्रह धरला. किसलेले सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा यांची त्यांची 'म्युस्ली' आज जगभर न्याहारीला खाल्ली जाते.

आपल्याकडे या विषयावरील सर्वांत प्रामाणिक प्रयोग महात्मा गांधींनी केला. १९२९ साली त्यांनी साबरमतीच्या आश्रमात काही सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला आणि 'यंग इंडिया'मधून त्याची माहिती दिली. काही महिन्यांत आमांशाने त्यांची प्रकृती बिघडली आणि त्यांनी तो प्रयोग थांबवला. जितक्या उघडपणे सुरुवात जाहीर केली होती, तितक्याच उघडपणे त्यांनी माघारही जाहीर केली. निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा मात्र ढळली नाही. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे १९४६ साली त्यांनी निसर्गोपचार आश्रम स्थापन केला. म्हणजे निसर्गोपचाराचा पुरस्कर्ता असूनही माणूस आपल्या प्रयोगाचा निकाल स्वीकारू शकतो. ही गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर कदाचित मी सात महिने थांबले नसते.

जमेची बाजू

अपक्व आहारात चांगले काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही पोषकद्रव्ये उष्णतेने व पाण्याने कमी होतात. भाजी खूप वेळ उकळून तिचे पाणी फेकून दिले, तर त्यांचा मोठा भाग त्या पाण्याबरोबरच जातो. पेरू, आवळा, लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची कच्ची खाल्ली की क जीवनसत्त्व पुरेपूर मिळते. कच्च्या अन्नात तंतुमय भाग भरपूर असतो, ते चावावे लागते, त्यामुळे जेवण सावकाश होते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. शिवाय या आहारात तळण, मैदा, साखर व जादा मीठ यांना आपोआप रजा मिळते.

अतिउष्णतेचे तोटेही विज्ञानाने मान्य केले आहेत. पिष्टमय पदार्थ फार तापमानाला तळले वा भाजले, की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे घातक रसायन तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली जगासमोर आणले. करपलेल्या चिप्सपेक्षा गाजर केव्हाही चांगले, यात वाद नाही.

पण येथेच हिशेबातील एक चूक होते. माझी साखर कमी झाली, ती पोळी-भाजी शिजवणे थांबवल्यामुळे की बाहेरचा तेलकट डबा, बिस्किटे आणि दिवसाचे पाच कप गोड चहा थांबवल्यामुळे? वजन उतरले, ते अन्न कच्चे होते म्हणून की ते अपुरे होते म्हणून? एका वेळी दहा गोष्टी बदलल्या आणि सारे श्रेय एकीच्याच खात्यावर जमा केले, तर ती नोंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

चुलीने काय दिले?

दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी अग्नी वापरल्याच्या खुणा आढळल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. हार्वर्ड विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ सालच्या आपल्या 'कॅचिंग फायर' या ग्रंथात असे मांडले, की अन्न शिजवण्यामुळेच मानवाचे दात व आतडी लहान झाली आणि मेंदू मोठा होऊ शकला. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. पण विश्रांतीच्या वेळी तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. एवढी ऊर्जा कंदमुळे चघळून मिळवणे कठीण. रँगम यांच्या कालगणनेवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु शिजवल्याने अन्नातून अधिक ऊर्जा हाती लागते, हा मूळ मुद्दा भक्कम आहे.

साधे गणित करून पाहू. बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी लागतात असे धरू. १०० ग्रॅम काकडीतून सुमारे १५, गाजरातून सुमारे ४० आणि सफरचंदातून ५० च्या आसपास किलोकॅलरी मिळतात. म्हणजे केवळ गाजरावर राहायचे तर दिवसाला पाच किलो, सफरचंदावर राहायचे तर चार किलो आणि काकडीवर राहायचे तर तेरा किलोंहून अधिक! ही तूट भरून काढायला सुकामेवा व दाणे खावे लागतात; ते महाग असतात आणि मूठभरापलीकडे पचनाला जड जातात. बहुतेक लोक ही तूट भरून काढत नाहीत. शरीर ती आपल्या साठ्यातून भागवते. आरशात दिसणारे 'यश' बरेचदा याच तुटीचे असते.

उष्णतेमुळे अन्नाची बांधणी बदलते. धान्यातील व बटाट्यातील पिष्ट पाण्यात शिजले की फुगते आणि पाचकरसांना त्याचे विघटन करणे सोपे जाते. प्रथिनांची घट्ट घडी उलगडते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले, की शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिन पचते, तर कच्च्या अंड्यातील जेमतेम ५१ टक्के. टोमॅटोतील लायकोपिन आणि गाजरातील बीटा कॅरोटिन शिजवल्यावर, आणि थोडे तेल असेल तर, शरीराला अधिक मिळते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात टोमॅटो अर्धा तास तापवल्यावर त्यातील क जीवनसत्त्व सुमारे ३० टक्क्यांनी घटले, परंतु उपलब्ध लायकोपिन मात्र दुपटीहून अधिक झाले. म्हणजे एकाच फळाचे काही गुण कच्चेपणात, तर काही शिजण्यात आहेत.

काही पदार्थ तर शिजवल्याविना खाण्याजोगेच नसतात. राजम्यातील एका विषारी प्रथिनामुळे चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे होतात. तो भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळूनच खावा लागतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात आणि प्रक्रियेनंतरच तो निर्धोक होतो. अळू आणि सुरण कच्चे खाल्ले तर त्यांतील सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो. म्हणूनच आपल्या आज्या अळूच्या फतफत्यात चिंच घालून ते नीट शिजवीत.

पाचकरसांचा गैरसमज

कच्च्या अन्नात 'जिवंत एंझाइम' असतात, ते पचनाला मदत करतात आणि शिजवल्यावर नष्ट होतात, हा या पंथाचा आवडता युक्तिवाद आहे. त्याचा पहिला भाग खरा आहे. वनस्पतीत एंझाइम असतात आणि उष्णतेने ते निष्क्रिय होतात. परंतु ते वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीसाठी असतात. शिवाय एंझाइम हीसुद्धा प्रथिनेच. जठरातील तीव्र आम्लात त्यांतील बहुतेक मोडतात. आपल्या पचनाचे एंझाइम आपलेच शरीर तयार करते, लाळेपासून स्वादुपिंडापर्यंत. आयुर्वेदाने तर 'जठराग्नी' हाच आरोग्याचा पाया मानला आहे. तो मंद असेल त्याला हलके, शिजवलेले, उष्ण अन्न द्यावे, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. तापातून उठलेल्या माणसाला आपण पेज देतो, कोबीची कोशिंबीर नाही.

दीर्घकालीन अनुभव काय सांगतो?

या आहाराचा बारकाईने अभ्यास जर्मनीतील गीसेन विद्यापीठाशी निगडित संशोधकांनी केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी पावणेचार वर्षे प्रामुख्याने कच्च्या आहारावर असलेल्या ५१३ स्त्री-पुरुषांची माहिती होती. स्त्रियांपैकी एक चतुर्थांश आणि पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के व्यक्तींचे वजन निकोप मर्यादेखाली गेले होते. ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः वा पूर्णतः बंद झाली होती. हे वाचले तेव्हा मला माझ्या तपासणीचा दिवस आठवला. ऊर्जा अपुरी पडली, की शरीर प्रथम पुनरुत्पादनाचा खर्च थांबवते. तो आरोग्याचा नव्हे, टंचाईचा संकेत असतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २०१ व्यक्तींचे रक्त तपासले गेले. घातक कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांची पातळी चांगली होती. ही जमेची बाजू मान्य केली पाहिजे. परंतु जवळजवळ निम्म्यांचे उपकारक कोलेस्टेरॉलही कमी होते आणि ३८ टक्के लोकांना ब-१२ ची कमतरता होती. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांना, कित्येक वर्षे कच्च्या शाकाहारावर असलेल्या १८ जणांची हाडे तुलनेने कमी घनतेची आढळली. आंबट फळांच्या सततच्या सेवनाने दातांवरील कवच झिजते, हेही गीसेनच्या दंतवैद्यकांनी नोंदवले आहे.

ब-१२ विषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही, मग ते कच्चे असो वा शिजवलेले. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळते. शरीर यकृतात त्याची ठेव राखून ठेवते आणि ती काही वर्षे पुरू शकते; परंतु आपल्याकडील अनेक शाकाहारी लोकांची ठेव मुळातच तुटपुंजी असते. माझ्या बाबतीत तसेच होते. आहारातून दूध व दही काढून टाकताच जमा पूर्ण थांबली, खर्च चालू राहिला आणि सात महिन्यांत खाते रिकामे झाले. ही कमतरता दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

स्वच्छतेचा प्रश्न

शिजवण्याचे आणखी एक काम आपण सहज विसरतो. उष्णता रोगजंतूंना मारते. आपल्याकडे कडधान्यांचे मोड म्हणजे आरोग्याचे प्रतीक मानले जातात. परंतु ज्या उबदार ओलाव्यात मोड येतात, त्याच ओलाव्यात जीवाणूही वाढतात. जर्मनीत २०११ साली मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जीवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. काटेकोर स्वच्छतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशात ही घटना घडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या शहरांभोवती काही ठिकाणी सांडपाण्यावर भाजीपाला पिकवला जातो. अशा भाजीवर जंतांची अंडी असू शकतात. डुकरांतील पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर त्याच्या अळ्या मेंदूत गाठी निर्माण करतात आणि अपस्माराचे झटके येतात. कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. कारण अंडी भाजी, पाणी आणि अस्वच्छ हात यांतून येतात.

रसांविषयीही सावधगिरी हवी. दिल्लीत २०१० साली कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. दुधीचा लहानसा तुकडा आधी चाखावा, कडू लागल्यास तो फेकून द्यावा, कडू रस कदापि पिऊ नये आणि प्यायल्यावर त्रास झाला तर तत्काळ रुग्णालयात जावे, असा या सूचनांचा आशय आहे. 'कडू म्हणजे औषधी' हा समज येथे जिवावर बेतू शकतो. कडू दुधी शिजवूनही खाऊ नये.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हिरवे रस, शहाळ्याचे पाणी व फळे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. अशा रुग्णांना भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देण्यास सांगतात. कारण त्यामुळे पोटॅशियम कमी होते. म्हणजे एरवी जो तोटा, तोच येथे फायदा ठरतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना अन्न एकदम कमी केले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गर्भवती, स्तन्यदा माता, लहान मुले आणि वृद्ध यांनी केवळ कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊ नये. गर्भवतींनी कच्चे मोडही टाळावेत.

ताटातील योग्य जागा

मग कच्चे खायचेच नाही का? अवश्य खावे, पण ताटाचा एक भाग म्हणून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २,००० किलोकॅलरींच्या नमुना आहारासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध वा दही आणि ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया असे प्रमाण सुचवले आहे. यात कच्च्याला जागा आहे, तशीच चुलीलाही.

गांधीजींनीही अखेर हाच निष्कर्ष काढला. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात बैठे काम करणाऱ्या माणसासाठी एक आहार दिला आहे. त्यात दूध आहे, धान्य आहे, तूप आहे. आणि भाज्यांमध्ये पालेभाज्या तीन औंस, इतर भाज्या पाच औंस आणि कच्च्या भाज्या एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर करून पाहिलेल्या माणसाने कच्च्याला दिलेली ही जागा आहे. टेबलामागे बसून काम करणाऱ्या आपणा सर्वांना ती विचार करायला लावणारी आहे. आजचे तज्ज्ञ त्याहून थोडे अधिक सुचवतील, परंतु तत्त्व तेच.

दैनंदिन व्यवहारात पुढील गोष्टी सहज पाळता येतील :

१. दोन्ही जेवणांत एक वाटी ताजी कोशिंबीर आणि दिवसातून एक-दोन फळे घ्यावीत. फळांचा रस काढण्याऐवजी ती चावून खावीत.

२. कच्ची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. पालेभाजीचे पान न् पान सुटे करावे. चिरून ठेवलेली फळे रस्त्यावर खाऊ नयेत.

३. मोड आलेली कडधान्ये वाफवून वा उसळ करून खावीत.

४. भाजी धुवून मग चिरावी, झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवावी आणि उरलेले पाणी आमटीत वापरावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र वर दिलेली पद्धत पाळावी.

५. जेवताना लिंबू पिळावे. क जीवनसत्त्वामुळे डाळी व पालेभाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा टाळावा.

६. आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनंतर रक्त तपासून घ्यावे. शाकाहारी व्यक्तींनी ब-१२ ची तपासणी अवश्य करावी.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. चालू औषधे व विकार लक्षात घेऊन आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हे ओघाने आलेच.

माझ्यापुरते सांगायचे, तर ब-१२ ची इंजेक्शने, लोहाच्या गोळ्या आणि आईचा महिनाभराचा मुक्काम यांनी माझी गाडी रुळावर आली. आईने आल्या आल्या कुकर घासून ठेवला आणि पहिल्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी केली. सोबत काकडीची कोशिंबीर होतीच. आता मी रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवते, डबा घरून नेते आणि संध्याकाळी चाळीस मिनिटे चालते. साखर आजही शंभराच्या आत आहे, आणि त्यासाठी काही गमवावे लागलेले नाही.

तो तक्ता ज्यांना ज्यांना दिला होता, त्यांतील जेवढे आठवले, त्या सर्वांना मी स्वतः भेटून वा फोन करून तो वापरू नका असे कळवले. काहींनी तो केव्हाच टाकून दिला होता. दोघांनी माझे आभार मानले. गेल्या नोव्हेंबरात काचीगुड्याच्या आजी हयातीचा दाखला देण्यासाठी स्वतः शाखेत आल्या. सही झाल्यावर त्यांनी विचारले, "मॅडम, आज डब्यात काय?" मी डबा उघडून दाखवला. पोळी, दुधीची भाजी, वरण आणि गाजराची कोशिंबीर. त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि पुढच्या ग्राहकाला जागा देण्यासाठी त्या हळूच बाजूला झाल्या.